बेसावधपणाचा फॉर्म

देवदत्त रियाधच्या एका बँकेत कम्प्लायन्सला, म्हणजे नियम आणि कागदपत्रं तपासायला होता. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याने कॅमेरा घेतला आणि नाशिकच्या एका बाईंच्या ऑनलाइन क्लासला नाव घातलं. रस्त्यावरच्या फोटोत माणसं बेसावध हवीत, असं बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं आणि देवदत्तची झोप उडाली. न विचारता कुणाचा फोटो काढणं त्याच्या रक्तात नव्हतं. शिवाय इथे ते अंगाशीही आलं असतं. आणि विचारलं, की माणूस सावध होतोच.

घराजवळच्या रोटीवाल्याला त्याने विचारून पाहिलं. रोटीवाला आत गेला, तोंड धुऊन, नवी टोपी घालून आला आणि बोहल्यावर उभं राहावं तसा भट्टीशेजारी उभा राहिला. रांगेतल्या गिऱ्हाइकांनीही केस सारखे केले.

मग देवदत्तने स्वतःला जमतं तेच केलं. एक फॉर्म तयार केला, तीन भाषांत. ‘मी बेसावध असताना माझा फोटो काढण्यास माझी हरकत नाही. फोटोग्राफर समोर आला तरी मी त्याची दखल घेणार नाही.’ त्याची बायको विभावरी म्हणाली, यात मुदत घाल. त्याला ते गरजेचं वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी तो गाडी घेऊन गोदामांच्या भागात, अल सुलैला गेला. पाच अंश थंडी, वारा कानात सुया टोचत होता. एका गोदामाच्या आवारात अकरा माणसं फुटक्या पिंपात लाकडं पेटवून शेकत बसली होती. त्यांच्या मुकादमाने, झयानने, फॉर्म दोनदा वाचला आणि गंभीरपणे विचारलं, “साब, बेखबर कब से होना है?”

“सही केली की लगेच,” देवदत्तने त्याला हिंदीत सांगितलं.

अकरा सह्या झाल्या. त्याबरोबर एक जण आकाशाकडे बघू लागला, एक जण स्वतःच्या बुटाकडे, तिसऱ्याने तर डोळेच मिटले. देवदत्तने मनसोक्त फोटो काढले, झयानच्या नाकासमोर कॅमेरा नेला, तरी झयानची पापणी लवली नाही. देवदत्तला धन्य वाटलं. “खलास, शुक्रिया,” असं म्हणून तो निघाला.

कुणी आकाशावरून, बुटावरून नजर काढली नाही.

आवाराच्या तोंडाशी, त्याच्या गाडीच्या मागे, एक ट्रेलर लागला होता. ड्रायव्हर सही केलेल्यांतलाच, बुटाकडे बघणारा. देवदत्तने त्याला ट्रेलर हलवायला सांगितलं. मग विनवलं. मग खांद्याला हात लावला. ड्रायव्हरने खांदा असा झटकला, जणू त्यावर पान पडलं होतं. देवदत्तने फॉर्म फाडून त्यांच्यासमोर विस्तवात टाकले. त्यावरही त्यांनी नुसते हात शेकले.

त्याने विभावरीला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, शब्दाची पक्की माणसं आहेत. रद्द केल्याच्या कागदावर सही घ्यायची तर आधी त्यांनी त्याला पाहायला हवं, हे त्याचं त्यालाच कळत होतं.

बोटं बधिर झाली तसा तो कॅमेरा बाजूला ठेवून पिंपाजवळ बसला. कुणी तरी, तिसरीकडेच बघत, त्याच्या हातात चहाचा कागदी पेला दिला. पिशवीत एक कोरा फॉर्म उरला होता. इलाज नव्हता. देवदत्तने गुडघ्यावर ठेवून त्यावर स्वतःची सही केली.

झयान ताबडतोब उठला. त्याने कॅमेरा उचलला, गळ्यात अडकवला आणि कामाला लागला. देवदत्तला सांगावंसं वाटलं, की बोट काचेवर येतंय. पण सही झाली होती. तो चहा पीत राहिला. शेजारचे दोघे एकमेकांना काही तरी सांगून हसत होते, त्यातला एकही शब्द त्याला समजत नव्हता. ऊब पोटात उतरली. कॅमेरा मांडीवर परत आल्याचं त्याला उशिरा जाणवलं. मागे पाहिलं, तर ट्रेलर केव्हाच हलला होता.

घरी विभावरीने फोटो पाहिले. त्याच्या फोटोंत अकरा माणसं अकरा दिशांना बघत होती. झयानच्या त्रेसष्टांपैकी बासष्टांत बोट होतं. उरलेल्या एकात देवदत्त मान मागे टाकून, डोळे बारीक करून, पोट धरून हसत होता. विभावरी तो फोटो बराच वेळ बघत राहिली. एवढं काय झालं होतं, तिने विचारलं.

देवदत्तला काही केल्या आठवेना.

“सही केली होतीस ना,” ती म्हणाली, “मग तुला कसं ठाऊक असेल.”