उलट्या शब्दांचा कोश

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे आणि कामाने जरा उलटा. इतर कोश शब्दाचा अर्थ सांगतात. मी इंग्रजी शब्दाचा विरुद्ध शब्द सांगतो. तुम्ही 'हॉट' शोधा, मी 'कोल्ड' काढून देतो. माझ्या मागच्या पानांत वाक्प्रचारही आहेत.

माझी बांधणी तिरकी झाली म्हणून दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. शेवटी इंग्रजीच्या एका सरांनी मला विकत घेतले आणि माझे दिवस पालटले! सर मला काखोटीला मारून वर्गात नेत. एका मुलाने शब्द टाकायचा, दुसऱ्याने त्याचा उलटा शब्द परत करायचा, असा त्यांचा खेळ चाले. भांडण झाले की सर मला उघडत आणि ठणकावून सांगत, "कोशात आहे म्हणजे बरोबर!" ते ऐकून माझी छाती फुगायची. पुढे सर निवृत्त झाले, मी कपाटाच्या वरच्या फळीवर गेलो आणि मला कसर लागली. कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

मग एके दिवशी सरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणे गेले. उरले ते तुटक इंग्रजी शब्द, तेही उलटे. थंडी वाजली की ते "हॉट" म्हणत. दिवा लावायला हवा असला की "ऑफ". घरात कोणाला काही कळेना आणि सर चिडून लाल होत. शेवटी त्यांच्या लेकीच्या लक्षात आले.

"आई, बाबा उलटं बोलतायत गं! तो कोश कुठाय?"

तिने मला खाली काढून पुसले आणि सरांच्या उशाशी ठेवले. सरांच्या पत्नीचे, म्हणजे बाईंचे, इंग्रजी बेताचेच. सरांनी शब्द उच्चारला की त्या मला उघडत आणि उलटा शब्द शोधून तसे करत. "हा होता म्हणून निभावलं," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

काही महिन्यांनी लेकीला दूरच्या शहरात नोकरी मिळाली. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. त्याच दिवशी सकाळी सर चहाकडे बघून म्हणाले, "हॉट." बाईंनी मला उघडले आणि वाफाळता चहा गार करून दिला. सरांना तो गरमच हवा होता; त्यांनी तोंड फिरवले.

"आज स्वारी रुसलीय," बाई हसल्या. मला मात्र कळून चुकले. सरांचे शब्द सरळ येऊ लागले होते! पण मी सांगणार कसा आणि कोणाला?

दुपारी लेक त्यांच्याजवळ बसली. "बाबा, मी जाऊ? तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार."

सरांचे ओठ बराच वेळ नुसते हलले. मग ते स्पष्ट म्हणाले, "स्टे बॅक."

तिचा हात माझ्याकडे आला. एकमेकांना चिकटून बसा, असे मी माझ्या पानांना विनवले. पण पाने मुकाट्याने उघडली.

"स्टे बॅक... गो अहेड! आई, बाबा जा म्हणतायत!"

सरांचे डोळे भरून आले. "बघ, किती आनंद झालाय त्यांना," बाई म्हणाल्या.

"स्टे," सर पुन्हा म्हणाले. "स्टे!"

"हो बाबा, जाते," म्हणून लेकीने त्यांना मिठी मारली.

ती गेली त्या दिवशी सरांनी डाव्या हाताने मला पलंगावरून खाली ढकलले. हात चुकून लागला, असे वाटून बाईंनी मला उचलले, पुसले आणि पुन्हा उशाशी ठेवले.

आता दर रविवारी लेकीचा फोन येतो. "बाबा, मी येऊ का भेटायला?" सर तोंड उघडतात, बाजूला माझ्याकडे बघतात आणि तोंड पुन्हा मिटून घेतात. बाई मला मांडीवर उघडून तयारच बसलेल्या असतात.

मित्रांनो, माझी पाने जपा, असे मी म्हणणार नाही. माझे मागणे एवढेच, की कोणी डोळ्यांत पाणी आणून काही सांगत असेल, तेव्हा मला मिटून ठेवा आणि त्याच्याकडे बघा.