बॉनेटखालची भट्टी

मला काउंटर आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमची बेकरी आहे. नवरा भट्टी सांभाळतो आणि डोंगरावरच्या आरोग्यधामात पाव पोचवायचं काम माझ्याकडे, पिकअप घेऊन. काउंटरवर बसलं की लोक पाव दाबून बघतात, कालचा आहे का विचारतात, आणि ताजा आहे म्हटलं तरी दुसरा मागतात. दोन दिवसांत मी कुणाच्या तरी डोक्यात क्रेट घातला असता. गाडीत तसलं काही नाही. दार लावलं की मी आणि रस्ता, आणि मागून येणारा गरम पावाचा वास. लग्नानंतर मला एवढी मोकळीक दुसऱ्या कशाने मिळालेली नाही.

गाडी जुनी, पण टर्बोची. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून तर एवढीशी गाडी भरलेले क्रेट घेऊन घाट चढते. पण चढावर हाच टर्बो लालबुंद तापतो आणि शेजारपाजाऱ्यांनाही तापवतो. पायाखालचा पत्रा चटके द्यायला लागला होता. रबराचा वास यायचा. शेवटची वळणं आली की गाडी म्हाताऱ्या बैलासारखी मान टाकायची. आणि एके दिवशी टर्बोजवळचा एक रबरी पाइप उष्णतेने फाटला, गाडी वाटेत बसली, आणि पाव पोचला तेव्हा रुग्णांची न्याहारी बिस्किटांवर उरकली होती.

आरोग्यधामाच्या स्वयंपाकघराच्या मॅडमनी थेट नवऱ्याला फोन केला. तो पीठ मळत होता. मळता मळताच मला म्हणाला, "पुन्हा एकदा उशीर झाला ना, तर मी हे काम ट्रान्स्पोर्टवाल्याला देतो. त्याच्या गाड्या नव्या आहेत. तू काउंटरला बस."

ओरडून म्हणाला असता तर मीही ओरडले असते. शांतपणे म्हणाला, म्हणजे त्याने ठरवलं होतं.

गाडी गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकला सगळे थंडोबा म्हणतात, कारण त्याच्या हातून कुठलंच काम सांगितल्या दिवशी होत नाही. त्याने नवा पाइप मात्र लगेच घातला, बॉनेटखाली बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ताई, सायलेन्सरच्या पाइपला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळायला हवी. म्हणजे आग पाइपातच राहील. टर्बोवर पत्र्याचा आडोसा करू. पंधरा दिवसांनी या."

"पंधरा दिवसांत मी काउंटरवर असेन," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही.

घरी जेवताना मी हे बोलले, आणि सासऱ्यांनी मान वर केली. सासरे जन्मभर एका मोठ्या धुलाई कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त झाल्यापासून ते बेकरीत हाताला काम शोधत फिरत असत. "पट्टी गुंडाळायची? आम्ही त्याला लॅगिंग म्हणतो," ते म्हणाले. "कारखान्यातला एकेक पाइप मी गुंडाळलाय. त्या थंडोबाला काय विचारतेस?"

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. सासरे काहीही दुरुस्त करायला घेतात, आम्ही वाहवा करतो, आणि ते दुपारी झोपले की नवरा ते गुपचूप परत दुरुस्त करतो. नळ त्यांनी बसवला, नवऱ्याने नंतर उघडून पुन्हा बसवला. फळी त्यांनी ठोकली, नवऱ्याने रातोरात स्क्रू बदलले. कुणी काही बोलत नाही. त्यांचं मन राखायचं, एवढंच.

पण गाडीचं काम त्यांनी असं सुरेख केलं की मी बघतच राहिले. काचेच्या धाग्याची पट्टी पाण्यात भिजवून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, ताणून ताणून गुंडाळली. टोकं तारेने आवळली. कुठे सुरकुती नाही. अख्खा दिवस अंगणात पाठीवर पडून काम करत होते आणि मधे मधे शीळ वाजवत होते. त्यांची शीळ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

दुसऱ्या दिवशी निम्म्या घाटापर्यंत गाडी पळाली. मग इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढायला लागला. नेहमीपेक्षा जास्त. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि तोंडावर अशी झळ आली की मी दोन पावलं मागे सरले. ही झळ माझ्या ओळखीची होती. नवरा भट्टीचं दार उघडतो तेव्हा अशीच येते.

मग मला दिसलं. सासऱ्यांनी पाइप गुंडाळला होता, ते बरोबरच होतं. पण त्यांनी टर्बोही गुंडाळला होता, सगळाच्या सगळा, मधला तेलाचा भागसुद्धा, ज्याला वारा लागायला हवा. आणि बॉनेटच्या मागच्या कडेची फट, चाकांवरच्या मोकळ्या जागा, जिथून म्हणून गरम हवा बाहेर जाईल ते सगळं लॅगिंगच्या उशांनी ठासून बंद केलं होतं. बॉयलरच्या माणसाला बाहेर जाणारी उष्णता म्हणजे चोरी. जन्मभर त्यांनी ती अडवली. इथेही अडवली. बॉनेटखाली त्यांनी उत्तम भट्टी बांधली होती.

मी उशा उपसून काढल्या. टर्बोच्या मधल्या भागावरची पट्टी पाव कापायच्या सुरीने चिरली. त्यात मनगट चांगलंच भाजलं. पण पुढे गाडी अशी चढली की मी रेडिओ लावला. पाव वेळेवर पोचला.

उतरताना मात्र सासऱ्यांना काय सांगायचं याचीच जुळवाजुळव करत होते. घरी आले तर सासरे दारातच उभे, केस विंचरलेले. "काटा कुठे होता?"

"निम्म्यावर," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

ते त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवले. नवऱ्याला मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "मग कर की नळासारखं."

तसं सुरू झालं. घरून निघताना सगळं बॉयलरच्या नियमाप्रमाणे, कारण सासरे रोज सकाळी बॉनेट उघडून आपलं काम बघायचे. टाकीच्या वळणावर थांबायचं, उशा काढून मागे क्रेटांजवळ टाकायच्या, चिरलेली पट्टी सोडायची. येताना त्याच वळणावर सगळं परत जागच्या जागी, पट्टी पावाच्या खोक्यांच्या लाल दोऱ्याने बांधून, दोरा उशीआड झाकला जाईल असा. मनगटाचं कुणी विचारलं तर सांगायचं, भट्टीवर भाजलं. मूर्खपणाच होता, पण गाडी वेळेवर पोचत होती आणि घरात शीळ ऐकू येत होती. मला दोन्ही हवं होतं.

मग एका सकाळी सासरे टोपी घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. "चल. चढावर कशी खेचते बघू तरी."

टाकीचं वळण आलं आणि मागे गेलं. मी थांबले नाही. मनातल्या मनात गाडीची विनवणी केली, आज एवढं सांभाळून घे. काटा चढत होता. मी गिअर बदलत होते आणि उगीचच दरीतली झाडं दाखवत होते.

"थांबव," सासरे म्हणाले.

"बाबा, जरा पुढे सावलीत..."

"थांबव म्हणतो ना! तेल भाजतंय."

मला अजून वासही आला नव्हता. त्यांनीच बॉनेट उघडलं. झळ त्यांच्याही तोंडावर आली, पण ते मागे सरले नाहीत. मागच्या फटीतली उशी त्यांनी टोपीने धरून ओढली. तिचे कोपरे रोजच्या काढघालीने विरले होते आणि त्यावर पिठाची बोटं उठली होती. मग त्यांना लाल दोरा दिसला.

"हे कोण सोडतं?"

"मी."

"रोज?"

"रोज. येताना परत बांधते."

"कशासाठी?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. "भट्टीवर भाजलं म्हणालीस."

"ह्याच भट्टीवर," मी म्हणाले.

मला वाटलं आता ते चिडतील. चिडलेच, पण वेगळ्या गोष्टीवर. "अगं, बॉयलरवर काटा चढला की झाडूवालासुद्धा साहेबाच्या अंगावर ओरडायचा! साहेब चुकला असेल तर तसं तोंडावर सांगायचा. तिथे कुणी माझं मन राखत बसलं असतं ना, तर आम्ही सगळे छपरासकट उडालो असतो." मग ते इंजिनाकडे वळले. आवाज खाली आला. "नळ?"

मी रस्त्याकडे बघितलं.

"फळी?"

"तीही," मी म्हणाले. मला रडू येत होतं.

"मागच्या दाराची बिजागरी?"

"ती तुमचीच आहे, बाबा. खरंच. तिला कुणी हात लावला नाही. दार कधी करकरत नाही."

त्यांनी मान हलवली. मग मागे क्रेटांजवळ पडलेला भट्टीचा जाड हातमोजा घेतला आणि एकेक उशी उपसून काढली. टर्बोवरची पट्टी मी सोडायला गेले तर हात झटकला. "हो बाजूला." इंजिन निवेपर्यंत आम्ही कठड्यावर बसून राहिलो. मी सारखी घड्याळाकडे बघत होते आणि तेही.

पोचलो तेव्हा न्याहारी संपली होती. मॅडम दारातच उभ्या होत्या. सासरे खाली उतरून म्हणाले, "उशीर माझ्यामुळे झाला."

"रुग्णांना कारणं खाऊ घालता येत नाहीत, काका," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला.

परतीचा सगळा घाट मी डोळ्यांत साठवत उतरले. टाकी, कठडा, ते वाकडं झाड. उद्यापासून हे ट्रान्स्पोर्टचा कुणीतरी ड्रायव्हर बघणार, आणि मी पाव दाबणाऱ्या लोकांकडे बघणार.

नवरा बेकरीच्या दारात हात पुसत उभा होता. "मॅडमचा फोन येऊन गेला," तो म्हणाला. "मग आता ठरल्याप्रमाणे..."

"थांब," सासरे म्हणाले. "गाडी मी बिघडवली. हिने रोज हात भाजून घेऊन ती वेळेवर पोचवली. आज मी शेजारी बसलो म्हणून पोचली नाही. काउंटरवर बसवायचंच असेल तर मला बसव."

आपली चूक सासऱ्यांनी मुलासमोर कबूल केलेली मी कधी ऐकली नव्हती. नवऱ्यानेही नसावी. तो हातातलं फडकं चुरगाळत राहिला आणि एकदम बोलून गेला, "तुम्ही नको, बाबा. तुम्ही गिऱ्हाइकांशी वाद घालता. ती परत जातात."

बोललेलं परत घेता आलं असतं तर त्याने तिथल्या तिथे घेतलं असतं. सासऱ्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

"जमतंय की तुला," ते म्हणाले. "मग नळाचं तेव्हाच का नाही सांगितलंस? आणि तू बसवलेला तरी कुठे धड बंद होतोय?"

तोही गळतच होता, हे खरं. नवरा हसला, मग मीही. सासरे हसले नाहीत, पण आत जाऊन त्यांनी पाना शोधायला घेतला. नवऱ्याने मॅडमना फोन लावून आणखी एक संधी मागितली. आजपर्यंत तो माझ्यासाठी कुणाकडे काही मागायला गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी भरली तर सासरे आधीच सीटवर. बॉनेटखाली आता पाइपाची पट्टी तेवढी होती, बाकी सगळं मोकळं. टाकीचं वळण आलं आणि माझा पाय सवयीने ब्रेककडे गेला. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चालू दे," ते म्हणाले.