पांढऱ्या रंगात बुडवलेला ब्रश

मित्रांनो, मला पाहून कुणी कान कोरायची काडी म्हणेल. पण मी शून्य नंबरचा ब्रश आहे, सुपरहिरोच्या चित्रकथा काढणारा! बुलढाण्याच्या कॉलेजात चित्रकला शिकताना योगिनीने मला एका दुकानातून उचललं. ओठांत धरून तिने माझं टोक जुळवलं आणि मी तिचाच झालो.

सुलतानपूरला घरी बसून तिने अशनी काढली. आकाशातून पडलेल्या दगडामुळे अंगात बळ आलेली, लुगड्याचा कासोटा मारून उडणारी बाई! चेहरा मात्र हुबेहूब योगिनीच्या आईचा, गोजरबाईंचा. भाजीबाजारात तराजू धरताना त्यांची भुवई चढते ना, ती मीच काढली. काय ऐट होती तेव्हा माझी! पुढे माझे केस झडले, नवा ब्रश आला आणि माझ्याकडे पांढऱ्या रंगाने चुका झाकण्याचं काम राहिलं.

सात वर्षं नुसते नकार. मग चित्रकथा छापणाऱ्या एका कंपनीचा होकार आला. ‘अशनी यापुढे आमची. तुमचं नाव छापणार नाही. पानांवरच्या सह्या पुसून आजच पाठवा.’

योगिनीने मला पांढऱ्या रंगात बुडवलं. माझा जीव टांगणीला लागला. मी सहीवर टेकणार, तोच गोजरबाई चहा घेऊन आल्या.

“काऊन वं योगे, सोताचं नाव काऊन पुसून राह्यली?”

“मा, नाही पुसलं त ते घेत नाहीत. मंग मले परत कोन इचारते?”

“तोंड माह्यं, मेहनत तुही. बजारात मी पुस्तक दाखवीन, त कोनं काढलं मनून सांगू?”

योगिनीने मला खाली ठेवलं. फोनवर लिहिलं, ‘नावासकट घ्या, नाहीतर राहू द्या.’ पाठवलं आणि फोनकडे बघत बसली. त्या धास्तीत मला धुवायचं राहून गेलं. रंग वाळला, मी लाकूड झालो. दुसऱ्या दिवशी तिने कोमट पाण्यात मला किती चोळलं! रडलीसुद्धा.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. फोन वाजला की ती दचकते आणि पेल्यात उभा मीही. पण नव्या पानावर ती आता आधी कोपऱ्यात सही करते, मग चित्र काढते.

मित्रांनो, काम झालं की ब्रश लगेच धुवा रे. आणि चित्रकथा उघडलीत की उडणाऱ्या बाईआधी पानाचा कोपरा बघा. तिथे बारीक अक्षरात कुणीतरी जीव मुठीत धरून बसलेलं असतं.