ठमीची शिकवणी

ब्रह्मा घाटावरच्या त्या घरात ठमी मांजरीने गुन्हा एकच केला, पण तो नेमका ढुंढिराजशास्त्र्यांच्या मातीत केला. शास्त्रीबुवांचं महाशिवरात्रीपर्यंत रोज मातीची शिवलिंगं करून पुजायचं व्रत होतं. त्यासाठी गंगेची माती चाळून गच्चीवर घमेल्यात ठेवलेली असे. इतकी मऊ माती पाहिल्यावर कुठलं मांजर पुढे जाईल?

"शिवरात्रीला गोपीनाथ नावाडी होडी घेऊन येईल आणि हिला गंगेपलीकडच्या रेतीवर सोडेल," शास्त्रीबुवांनी धाकट्या बहिणीला, शरदिनीला, बजावलं.

शरदिनी शाळेत गणित शिकवी. लग्न केलं नव्हतं, आणि त्याचा जाब घरात अजून विचारला जाई. त्या घरात तिची स्वतःची अशी एक ठमीच होती. रेतीवर दांडगी कुत्री फिरत. ठमी तिथे दोन दिवस टिकली नसती.

"ती संडासात जायला शिकेल," शरदिनी म्हणाली.

प्रेमलावहिनी पदर तोंडाला लावून हसली. शास्त्रीबुवांनी पोथीचं पान उलटलं, आणि तिथेच शरदिनीबाईंचं डोकं फिरलं. भागाकाराला घाबरणाऱ्या चाळीस मुली दरवर्षी तिच्या हाताखालून पास होत. एका मांजरीपुढे ती हात टेकणार होती थोडीच.

तिने वाळूचं घमेलं गच्चीच्या कोपऱ्यात मांडलं आणि दर दोन दिवसांनी हातभर, गच्चीवरच्याच संडासाकडे सरकवलं. मग आत नेलं. मग भांड्यावर पत्रा ठेवून त्यावर वाळू पसरली, पत्र्याला भोक पाडलं, रोज थोडं मोठं केलं. ठमी दोनदा घसरली, एकदा बाईंना ओरबाडून गेली. बाईंनी हाताला हळद लावली आणि पुन्हा तिला आत नेऊन बसवलं. अखेर पत्राही काढला.

शिवरात्रीच्या सकाळी शास्त्रीबुवा कानावर जानवं चढवून, हातात तांब्या घेऊन लगबगीने आले. कानावर जानवं म्हणजे मौन. हा नेम त्यांनी मुंजीपासून मोडलेला नव्हता. संडासाचं दार अर्धवट उघडं होतं. भांड्याच्या कडेला चारी पाय रोवून ठमी बसली होती.

"थांबा दादा," शरदिनी म्हणाली. "तिचं होऊ दे."

तेवढ्यात खालून, गल्लीतून, गोपीनाथची हाक आली, "बहिनजी, बिलरिया कहाँ हौ?"

शरदिनीने कठड्यावरून वाकून सांगितलं, "बिल्ली कहीं नहीं जाएगी. भैया यहीं खड़े हैं, पूछ लो."

गोपीनाथने वर पाहिलं. शास्त्रीबुवांचा चेहरा लाल झाला. तोंड उघडता येईना आणि पोटातली कळही थांबेना. थांब, नेच तिला, अशा अर्थाने त्यांनी हात जोरजोरात हलवला.

"देखो, कह रहे हैं लौट जाओ," शरदिनी म्हणाली.

गोपीनाथने हात जोडले आणि तो घाटाकडे निघून गेला.

ठमी बाहेर आली आणि दोघांकडे न बघता उन्हात जाऊन बसली. शास्त्रीबुवा डोळे वटारून उभे होते. शरदिनीने बादली उचलली.

"बोला नंतर काय बोलायचं ते. मीही इथेच आहे, तीही इथेच आहे," ती म्हणाली. "आता सरका जरा. तिच्यामागे पाणी ओतू द्या. तुम्हा सगळ्यांच्या मागे आजवर मीच ओतत आलेय."

शास्त्रीबुवा सरकले.