सीझनपुरता बाबा

होळी झाली की दौलताबादच्या रस्त्यावर मोठ्या बसगाड्या दिसेनाशा होतात. किल्ल्यासमोरचे टोपीवाले, पेरूवाले आपापल्या वाटेनं जातात आणि आमच्या खानावळीतली टेबलं भिंतीला लावून ठेवली जातात. मग माझा नवरा, संघपाल, पुण्याला रामकिसनला फोन लावतो. रामकिसन त्याचा मावसभाऊ, तिकडं बांधकामावर मुकादम आहे. दिवाळीपर्यंत संघपाल त्याच्याकडं राबतो. पर्यटक परतले की तोही परततो.

मागच्या दिवाळीत तो आला तेव्हा आमची चिमी माझ्या पदराआड तोंड लपवून असं भोकाड पसरून बसली, की शेजारचे गोळा झाले. संघपालनं खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. पुढं केलेले हात मागं घेत तो हसला.

"बरोबर हाय तिचं. सीझनला येतो, सीझन संपला की जातो. पर्यटकच की मी."

सगळे हसले, मीही हसले. पण नंतर कितीतरी दिवस ते बोलणं माझ्याजवळ बसून भांडी घासत होतं.

यंदा चिमी चालायला लागली आहे. बापाच्या चपला घालून घरभर फटफट करत फिरते. त्यानं नुसता शर्ट बदलला तरी आधी जाऊन उंबऱ्यात बसते, म्हणजे नेल्याशिवाय जायचं नाही. ही ओळख मोडून दिवाळीला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, हे काही मला पटेना.

"चौदा एप्रिलची जयंती झाली की निघतो," संघपाल म्हणाला.

"अन् इथंच धंदा चालला तर?"

"उन्हाळ्यात? किल्ल्यावर माकडं सोडून कोण असतंय? अन् ती फुकट खातात."

"रस्त्यावर माणसं असतात की."

खरंच असतात. काळीपिवळीवाले, शाळेचे मास्तर, बँकेतले लोक, ट्रकवाले, सगळे बारा महिने आमच्या दारावरून जातात. पण आमची नजर कायम लांबच्या बसकडं लागलेली. मी हट्टच धरला. टेबलं पुन्हा मांडली, फळा पुसून 'जेवण तयार आहे' लिहिलं आणि शहर ते खुलताबाद गाडी चालवणाऱ्या कय्युमभाईंना हात केला. ते आणखी चार ड्रायव्हरांना घेऊन आले.

आम्ही झकास ताट वाढलं. पनीर, जिरा राईस, पिवळी डाळ, वर गुलाबजाम. तिखट बेताचंच, लेकराला भरवावं तेवढं. पर्यटकांना तसंच लागतं ना. कय्युमभाई "वा भाभी, वा" म्हणाले, बडीशेप खाल्ली, निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीतूनच सलाम केला. तिसऱ्या दिवशी सलामही जरा घाईतच केला.

माळ्यावरून बॅग काढून संघपालनं उन्हात टाकली. चिमी लगेच जाऊन तिच्यात बसली.

त्याच दुपारी कय्युमभाईंच्या गाडीतलं पाणी संपलं. कॅन घेऊन ते मागच्या दारानं आले, तर पडद्याआड माझ्या सासूबाई, पारूबाई, जेवत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. ताटात ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, काळसर आमटी, वर लाल तवंग. परका माणूस बघून आत्यांनी ताटावर पदरच धरला.

"अम्मा, ये क्या छुपाके खा रै?"

"काय नाय रं बाबा. घरचंच हाय."

"येसर है ना? वास तर गाडीपर्यंत आला. मला का नाय दिलं?"

आत्या खऱ्याखुऱ्या दुखावल्या. "पाहुण्याच्या पानात हे वाढू व्हय? लोकं काय म्हणतील? पारूच्या घरी भाजी नव्हती म्हणून येसर ढवळलं?"

"मी कुठला पाहुणा अम्मा! रोज तुमच्या दारात हॉर्न वाजवतो, तुमची नात दचकून उठते, अन् भाभी मला शिव्या देते."

"मी कधी दिल्या?" मी म्हटलं.

"मनात. ऐकू येतात." ते तिथंच जमिनीवर मांडी घालून बसले. "पनीर लग्नात बी खातो. रोज पनीर खाऊन माणूस स्टेअरिंगवर झोपतो. भाकरी द्या."

दोन भाकऱ्या गेल्या. तिसरीला आत्यांनी विचारलंच नाही, सरळ ताटात टाकली. मी पडद्याशी उभी राहून बघत होते. इतकी वर्षं आम्ही एकदाच येणाऱ्यासाठी रांधत आलो होतो आणि रोज लागणारं जेवण पडद्याआड बसून खात होतो. मी पडदाच काढून टाकला. तसाही तो धुवायचा होता.

आता भाकरी-येसरावर दुपारी टेबलं भरतात. म्हणजे रोज नाही. मंगळवारी तर मी आणि माशाच होतो. पण मास्तर डबा सांगतात. ट्रकवाला राजकुमार म्हणाला, "बायको म्हणती, फ्लॅटात एवढं भाजलं तर खालचेवरचे खोकत येतात. तुमचं येसर किलोभर बांधून द्या की." आत्या आधी चिडल्या, "ही काय विकायची चीज हाय का?" दुसऱ्या दिवशी मला ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ अन् धने निवडायला बसवलं आणि संघपालला कढईवर. उन्हाळा म्हणजे येसराचेच दिवस. केलेलं वर्षभर टिकतं, आणि थंडीत बसगाड्या येतील तेव्हा त्यांनाही दाखवता येईल. पावसाळ्याचं काय ते पावसाळ्यात बघू.

जयंतीची मिरवणूक झाली. दोन दिवसांनी रामकिसनचा फोन आला. संघपालनं तो कान आणि खांद्यामध्ये धरला, कारण एका हातात उलथनं होतं, दुसऱ्या कडेवर चिमी.

"कधी निघतो रं? माणसं कमी पडायलीत इथं."

मी निवडायचं सूप खाली ठेवलं.

संघपालनं कढईत बघितलं. "नाय भाऊ, औंदा नाय जमत."

"का रं? काय झालं?"

"अरे, डाळ करपंल. ठेव."

आणि डाळ हलवता हलवता तो मला ओरडला, "बघती काय नुसती? ही पोरगी घे की, धुरानं डोळे चोळायली!"

मी हात पुढं केले. चिमी काही येईना.