ड्रमवाल्याची अक्कलदाढ

दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर एका बारच्या बरोबर वर होतं. खाली ड्रम वाजायला लागला की त्यांच्या पलंगाचे पायसुद्धा थरथरायचे. तक्रारी करून करून बाई मेटाकुटीला आल्या होत्या.

एका सकाळी तोच ड्रमवाला सुजलेला गाल धरून त्यांच्या दवाखान्यात हजर झाला. बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण हात मात्र हळुवारच चालला. अक्कलदाढ काढून झाल्यावर त्यांनी गंभीर चेहऱ्याने बजावलं, "हादरे बसले तर टाके तुटतील. पंधरा दिवस ड्रमला हात लावायचा नाही." खरं तर तीन दिवस पुरले असते.

त्या रात्री बाई खुशीत आडव्या झाल्या आणि ताडकन उठून बसल्या. बारवाल्याने बदली माणूस आणला होता. ताल कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

तीन रात्री बाईंनी दातओठ खात काढल्या. चौथ्या दिवशी ड्रमवाला टाके दाखवायला आला.

"जखम झकास भरलीये. आजपासून वाजवा," बाई म्हणाल्या.

"पण बाई, तुम्ही तर पंधरा दिवस म्हणालात ना?"

"अहो, चुकलं माझं," बाई काकुळतीला आल्या, "पण आजच कामावर जा!"