कोकराची गाठ

"आधार कार्ड कुणीच दाखवायचं नाही, मावशी. इथं आधार म्हणजे मदत," प्रियदर्शनी तिसऱ्यांदा सांगत होती.

"मग बोर्डावर आधार कशाला लिवलंय?" अंबूबाईनं कार्ड पिशवीत परत घातलं. "अंगठा द्यायचा म्हनून मी साबनानं हात धुऊन आले."

अंगणवाडीच्या खोलीतल्या बायका हसल्या. भिंतीवर कापडी फलक होता : 'कुटुंब आधार सेवा – गावाचं मत, गावाचा आराखडा'. नवी योजना आखण्याआधी लोकांना विचारून घ्यायचं असं वरून ठरलं होतं, आणि त्या विचारण्यासाठी प्रियदर्शनी सांगलीहून कवठे महांकाळजवळच्या या वाडीवर आली होती. तिनं फरशीवर सहा चित्रं मांडली. पाळणा, औषधाची बाटली, शिलाई मशीन, शाळेचं दप्तर, दारूच्या बाटलीवर फुली, आणि फोन. शेवटी एक कोरा कागद ठेवला, त्यावर लिहिलं होतं 'इतर'. प्रत्येकीला तिनं पाच चिंचोके दिले. ज्याची गरज जास्त, त्या चित्रावर जास्त चिंचोके ठेवायचे.

दगडाबाई मागं भिंतीला टेकून बसली होती. अंगणवाडीच्या अंजनाताईनं तिला चार दिवस आधीच सांगितलं होतं, "ह्या टायमाला खरंच इचारनार हायती. तू बोल." तेव्हापासून द्राक्षबागेत घडांची विरळणी करताना ती एकच वाक्य घोकत होती. राणीजवळ दिवसा बसाय कोन तरी द्या. एवढंच. पुढं-मागं काही नाही.

राणी तिच्या लेकीची मुलगी. लेक जाऊन अकरा वर्षं झाली होती, जावयानं दुसरं लग्न केलं होतं. राणीला पंधरावं लागलं होतं, पण तिला उभं राहता येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. ती कोपरांवर सरकायची. पाच वर्षांपूर्वी अशीच सरकत चुलीपर्यंत गेली आणि डावा तळवा भाजून घेतला. तेव्हापासून दगडाबाई कामाला जाताना मऊ लुगड्याची पट्टी तिच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक घराच्या मेढीला, मधल्या खांबाला. पट्टीची लांबी तिनं वितीनं मोजून ठरवली होती. उंबऱ्यापर्यंत राणी पोचेल, चुलीपर्यंत नाही. दार दिवसभर उघडं असायचं. राणी उंबऱ्यावर हनुवटी टेकून वाट बघत पडायची आणि मेंढरं गेली की घशातून 'हूं' करायची. कामाला जाता-येता तो हुंकार ऐकला की शेजारची अंबूबाई समजायची, पोर बरी आहे.

"आजी, तुमचे चिंचोके हातातच आहेत की," प्रियदर्शनी तिच्यासमोर येऊन खाली बसली.

"ह्यात माजं चित्र न्हाई."

"पाळणाघर आहे ना."

"माजी नात पाळन्यात मावत न्हाई, बाई."

बायका पुन्हा हसल्या. दगडाबाईनं घोकलेलं वाक्य एका दमात सांगून टाकलं. प्रियदर्शनीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि मग विचारलं, "आत्ता ती कुणाजवळ आहे?"

दाराशी उभ्या अंजनाताईनं 'नको' म्हणून मान किंचित हलवली. दगडाबाईला ती दिसली. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलं होतं, ऐकत होतं.

"बांधून आले."

प्रियदर्शनीचा पेन थांबला. "बांधून म्हणजे?"

समोर बसलेल्या पोरीच्या मनात भलतंच आलं, हे दगडाबाईनं ओळखलं. तिनं पदर ओढला आणि खुर्चीच्या पायाला वेढा घालून गाठ मारली. "वडा."

"नको, आजी."

"वडा की. जोर लावा."

प्रियदर्शनीनं ओढलं. गाठ जिथल्या तिथं राहिली. दगडाबाईनं वेढ्यात दोन बोटं घालून दाखवली. "बगा. कोकराची गाठ हाय ही. माज्या बानं शिकीवली. कोकरू किती बी उड्या मारू दे, गळ्याला आवळत न्हाई. उगं कसं बी बांधत न्हाई मी."

"फोटो काढू का?"

"काढा की. समद्यास्नी कळू दे."

फोटो काढून झाल्यावर प्रियदर्शनी बराच वेळ लिहीत राहिली. एवढं सगळं आपल्याबद्दलच लिहिलं जातंय, याचं दगडाबाईला नवल वाटलं. पाचही चिंचोके तिनं 'इतर'वर ठेवले आणि पदर सोडवून ती झपाझप घराकडं निघाली.

सतराव्या दिवशी संध्याकाळी घरापुढं पांढरी जीप थांबली. बालसंरक्षण कार्यालयातले एक साहेब आणि एक बाई उतरली. बाईच्या फोनमध्ये तोच फोटो होता, खुर्चीचा पाय आणि पदराची गाठ.

"तुमची कुणी तक्रार केली नाही, आजी," बाई समजुतीनं म्हणाली. "असं काही कळलं की कळवावंच लागतं. हा फोटो काढणाऱ्या मॅडमना पण."

तिनं राणीची कंबर पाहिली. वळ नव्हता. पण कागदावर ते लिहायला रकाना नव्हता. साहेबांनी समज वाचून दाखवली. मुलीला बांधायचं नाही. पुन्हा बांधलेली दिसली तर संस्थेत न्यावी लागेल.

"मंग दिवसा तिच्याजवळ कोन बसंल?"

"त्याचा आराखडा वर गेलाय. तो विभाग वेगळा."

"माजं पाच चिंचोकं हुतं त्यात."

साहेबांनी बाईकडं पाहिलं. बाईलाही काही कळलं नाही. दगडाबाईनं अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी अंजनाताई आली, तिची नजर वर येत नव्हती. आराखड्यात सगळ्यात जास्त चिंचोक्यांची तीन चित्रं गेली होती. 'इतर'वर सगळ्या वाडीचे मिळून पाचच चिंचोके पडले होते.

"तू मान हलवलीस, मी बगितलं हुतं," दगडाबाई म्हणाली.

चार दिवस ती घरी बसली. पाचव्या दिवशी बागेतून निरोप आला, येत नसशील तर दुसरी बाई बघतो. दुसऱ्या सकाळी तिनं राणीला भरवलं, पुसलं, पट्टी बांधली. तीच गाठ. मारून झाल्यावर तिनं ती ओढून पाहिली. मग पुन्हा एकदा. पाच वर्षांत तिनं कधी अशी ओढून पाहिली नव्हती.

बाहेर येऊन तिनं दार ओढून घेतलं. ते दिवसा कधी लागलेलंच नव्हतं. कडी गंजली होती, दगडानं ठोकावी लागली.

डब्याची पिशवी घेऊन अंबूबाई वाटेवर थांबली होती. "दार कशापायी लावलंस गं?"

"वारं लय सुटलंय."

अंबूबाईनं वर पाहिलं. बाभळीचा शेंडासुद्धा हलत नव्हता. तेवढ्यात मेंढरं वाटेनं गेली. दोघी जागच्या जागी उभ्या राहिल्या. आतून काही ऐकू येतंय का, ते मेंढरांच्या आवाजात कळेना.

"चल," दगडाबाई म्हणाली. "उशीर हुतोय."